घरच्यांच्या फळीवरची अकरा

नेव्याना शिश्कोवा हिने अडतीस वर्षं ब्रेश्निकचं वाचनघर सांभाळलं, आणि या अडतीस वर्षांत तिच्या हातून चूक अशी एकच झाली. फक्त ती रोज झाली.

ब्रेश्निक म्हणजे एक चर्च, एक बेकरी, एक औषधाचं दुकान, रेल्वेचं फाटक आणि चौकातलं वाचनघर. खाली नाचाचा हॉल, वर पुस्तकं. नेव्याना पंचविसाव्या वर्षी त्या जिन्याने वर गेली ती वरचीच झाली. बाई शिस्तीची. पुस्तक हवं असेल तर त्याच्या मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातली चिठ्ठी काढायची आणि स्वतःच्या हाताने लिहायचं: नाव, पत्ता, तारीख, आणि एका ओळीत, पुस्तक कशासाठी हवं. "तोंडी सांगू नका, मी काय पोस्टमन आहे?" असं ती म्हणायची. एकदा महापौर घाईत आले आणि चष्मा विसरलोय, तुम्हीच खरडा म्हणाले, तर तिने त्यांना चष्मा आणायला घरी पाठवलं. भरलेल्या चिठ्ठ्या तिच्या टेबलाच्या खणात नंबरवार उभ्या असायच्या.

पण या लोखंडी नियमाला तिनेच एक पळवाट ठेवली होती. तेच पुस्तक दुसऱ्यांदा न्यायला जो येई, त्याच्याकडून ती काही लिहून घेत नसे. "पाहुण्याला नाव विचारतात," ती म्हणे. "घरचा माणूस घरी आला तर कोणी वही पुढे करतं का?" आणि अशी पुस्तकं तिने हळूहळू नंबरांच्या कपाटांतून काढून शेगडीशेजारच्या फळीवर आणून ठेवली होती. गावात तिला घरच्यांची फळी म्हणत. हवं तेव्हा न्या, झालं की आणा, विचारणं नाही की सांगणं नाही.

फळीवर अकरा पुस्तकं होती. त्यांना मुखपृष्ठावरच्या नावाने कोणी हाक मारत नसे. एक 'दीपगृहाचं', एक 'दोन विहिणींचं', एक 'घोडी परत येते ते'. औषधवाली कुना सासूबाई राहायला आल्या की 'दोन विहिणींचं' घेऊन जायची आणि सासूबाईंची बस सुटली की त्याच दुपारी परत आणून ठेवायची. नेव्यानाला पुस्तक फळीवर आहे की नाही यावरून कुनाच्या घरचं हवामान कळायचं.

'घोडी परत येते ते' मात्र गात्योचं. गात्यो रुळांखालचे ओंडके टाकणाऱ्या टोळीत होता. उंच, कमी बोलणारा. दर वर्षी संत दिमितारच्या सणाला, थंडी सुरू होते तेव्हा, तो पॉलिश केलेले बूट घालून वर यायचा, फळीवरून पुस्तक उचलून कोटात घालायचा, टोपीला हात लावायचा आणि जायचा. वसंतात संत गेओर्गीच्या दिवशी ते परत यायचं, सोबत कोवळ्या लसणाची जुडी. तीस हिवाळे हे चाललं होतं. शहाण्णव साली अक्षरांच्या उत्सवात, चोवीस मेला, नेव्यानाने भर चौकात त्याला 'आदर्श वाचक' म्हणून मानपत्र दिलं. गात्यो स्टेजवर ढसाढसा रडला. त्याला आनंद झाला असणार असं सगळ्यांनी धरलं.

गात्योची बायको रुसाना रेल्वेच्या फाटकावर कामाला होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यातलं एकेक निसटायला लागलं. आधी अक्षरं गेली, मग शेजारी, मग मुलगा, आणि दोन वर्षं झाली, नवराही गेला. ती गात्योला 'अहो भाऊ' म्हणायची. दिवस कलला की जुनी सरकारी टोपी घालून फाटक पाडायला निघायची. फाटक अकरा वर्षांपासून आपोआप पडत होतं. गेल्या वसंतात, पुस्तक परत गेल्यावरच्या आठवड्यात, ती रुळांवर उभी होती आणि मालगाडीच्या ड्रायव्हरने कसाबसा ब्रेक मारला. मुलगा राजधानीत असतो. त्याने निक्षून सांगितलं, "बाबा, आणखी एकदा ती रुळांवर गेली तर मी तिला इकडच्या आश्रमात ठेवणार. माझ्याशी वाद घालू नका." हिवाळ्यात ती जात नसे, कारण हिवाळ्यात गात्यो पुस्तक वाचायचा आणि ती ऐकत बसायची. हे साऱ्या ब्रेश्निकला माहीत होतं.

त्या वर्षी सप्टेंबरात नेव्याना मुलीच्या बाळंतपणाला स्पेनला गेली. दीड महिना तिथे नातवाची दुपटी धुतली आणि संत दिमितारच्या सणाला दोन दिवस राहिले असताना परतली. बॅग घरी टाकली आणि तडक वाचनघर गाठलं.

तिच्या जागी जिल्ह्यातून बिल्याना नावाची मुलगी आली होती. कामसू, नीटनेटकी. जिन्याला नवा रंग लागला होता. खिडक्या चकचकीत. नेव्याना मनात म्हणाली, चला, पोरगी कामाची आहे. मग तिने शेगडीकडे पाहिलं.

फळीवर जिरॅनियमच्या तीन कुंड्या होत्या.

"ताई, आलात!" बिल्याना हात पुसत बाहेर आली. "कसं वाटतंय? तो कोपरा किती कळकट होता ना. कुंड्या मी घरून आणल्या."

"इथली पुस्तकं कुठे ठेवलीस?"

"कुठली? ती फाटकी? ती गेली की, ताई."

"कुठे गेली?"

"रद्दीत. मागच्या खोलीचं छत गळायला लागलं, तेव्हा महापौर म्हणाले की एक तृतीयांश पुस्तकं कमी करा, जागाच नाही. नियम तुम्हाला माहीतच आहे. दहा वर्षांत कोणी नेलेलं नसेल तर बाद. मी अंदाजपंचे काही केलं नाही हं. एकेक चिठ्ठी तपासली." तिने खण ओढला आणि रबर लावलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "या बाद केलेल्यांच्या. सगळ्यात आधी ती फळीवरचीच निघाली. इतकी मळकी, इतकी उसवलेली, मला वाटलं उंदरांशिवाय कोणी हात लावला नसेल."

नेव्यानाने रबर काढलं. 'दीपगृहाचं': शेवटची नोंद एकोणीसशे चौऱ्याहत्तर. 'दोन विहिणींचं': शहाऐंशी. आणि 'घोडी परत येते ते'ची चिठ्ठी, जिच्यावर एकच ओळ होती. बारा नोव्हेंबर अठ्ठ्याहत्तर, रुसाना, रेल्वे फाटक. कशासाठी हवं, तर 'मोठ्याने वाचायला'. त्याखाली एकतीस वर्षांचा पांढरा कागद. कधीच न उघडलेल्या पुस्तकाची चिठ्ठी हुबेहूब अशीच दिसते. बीटाच्या लागवडीवरचं जाडजूड पुस्तक मात्र जागेवर सुखरूप होतं, कारण शेतकी शाळेची पोरं दर वर्षी नाइलाजाने ते नेत आणि इमानेइतबारे लिहीत, 'परीक्षेसाठी'.

ती पुस्तकं काढायच्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. पोरीवर ओरडावं म्हणून तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण ओरडणार कशावरून? चिठ्ठी कोरी होती आणि कोरी ठेवणारी तीच होती. गावाने ज्या पुस्तकांना वाचून वाचून चिंध्या केल्या, तीच कागदावर बेवारस ठरली होती. एखादं कमी आवडतं असतं तर रद्दीतून वाचलं असतं.

"ताई, पाणी देऊ का?"

"यातलं एकेक पुस्तक दर वर्षी न चुकता जात होतं, बिल्याना."

बिल्यानाचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मग... मग तुम्ही लिहिलं का नाही?"

याला उत्तर होतं. पाहुणा, घरचा माणूस, वही. अडतीस वर्षं ते किती शोभून दिसलं होतं. आता ते बोलायची नेव्यानाला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसने जिल्ह्याच्या गावी रद्दीच्या गोदामात गेली. तिथला माणूस सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. "पाच आठवडे झाले, ताई," तो म्हणाला. "आतापावेतो त्यांचे अंड्यांचे ट्रे झाले असतील." तो वाईट माणूस नव्हता. तिचा चेहरा पाहून त्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि मूठभर बिया पुढे केल्या.

मग तिने फोन केले. सहा वाचनालयं, दोन जुन्या पुस्तकांची दुकानं. 'घोडी परत येते ते' एकदाच छापलं होतं, बावन्न साली, आणि लेखक त्यानंतर मेंढ्यांच्या व्यापारात गेला असं म्हणत. एका वाचनालयातल्या बाईने लेखकाचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "असं कोणी होतं का नक्की?" संध्याकाळी औषधाच्या दुकानात कुनाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, आता सासूबाई आल्या की मी काय करू?" एरवी सगळे खो खो हसले असते. त्या दिवशी कुना स्वतःच काउंटरला धरून उभी राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "माझं जाऊ दे. उद्या गात्यो येईल."

गात्यो आला. चर्चची घंटा थांबली आणि जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज आला. बिल्याना मागच्या खोलीत जाऊन दार लोटून उभी राहिली. नेव्यानाने रात्रभर जुळवलेली वाक्यं ऐन वेळी कुठल्या कुठे गेली.

"गात्योदादा," ती म्हणाली, "पुस्तक गेलं."

गात्योने फळीकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं. "कोणी नेलं? असू दे, वाचून होऊ दे त्याचं. थांबतो मी चार दिवस. चार दिवस कसंही निभावेन."

"नेलं नाही. रद्दीत गेलं. परत येणार नाही." मग तिने सगळं सांगितलं; छत, नियम, कोरी चिठ्ठी. बिल्यानाचं नाव तिने काढलं नाही. "माझ्यामुळे झालं, दादा. दर वर्षी तुमच्यापुढे चिठ्ठी ठेवून तुमच्याकडून एक ओळ लिहून घेतली असती, तर पुस्तक आज इथे असतं."

गात्यो खुर्चीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली असती ना, तर मी पुन्हा या जिन्याने वर आलोच नसतो."

"असं का बोलता?"

"मला लिहिता येत नाही."

नेव्यानाने टेबलावरची पेन्सिल बाजूला सारली.

"वाचताही येत नाही," गात्यो म्हणाला.

तिला आधी वाटलं, थट्टा करतोय. ती थोडी हसलीसुद्धा. मग त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या तिने पाहिल्या आणि तिच्या तोंडावरचं हसू तसंच थिजलं. अडतीस वर्षं वाचनघर चालवलं. सगळ्यात इमानी वाचक म्हणून ज्याला भर चौकात मानपत्र दिलं, त्याला स्वतःचं नाव ओळखता येत नव्हतं!

"पण शाळा? पलटण? पलटणीत तर सगळ्यांना शिकवायचे."

"सात वर्षांचा होतो तेव्हापासून मेंढ्यांमागे. पलटणीत गेलो तर मला डुकरांच्या गोठ्यावर टाकलं. डुकरांना कोण वाचून दाखवतो? नंतर वय वाढलं, मग लाज वाढली. पगाराच्या कागदापुरता एक 'ग' काढायला शिकलो." त्याने टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "रुसाना वाचायची. फाटकाच्या खोलीत, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. पहिल्या वर्षी ती स्वतः येऊन दोनदा घेऊन गेली. पुढच्या वर्षी तिची पाळी सुटेना, तर मला म्हणाली, तू जा, बाई दुसऱ्यांदा नेणाऱ्याला लिहायला लावत नाहीत. शेगडीजवळची फळी, तपकिरी पुठ्ठा, पाठीवर तेलाचा डाग. तुमच्या त्या नियमावर तर आमचा संसार चालला, बाई."

नेव्यानाच्या डोळ्यांपुढे चिठ्ठीवरची ती एकमेव ओळ आली. मोठ्याने वाचायला. तिला तेव्हा वाटलं होतं, कशाला हवं ते काय लिहावं हे या बाईला सुचलं नसेल.

"आणि हे मागचे तीन हिवाळे? तिला तर अक्षर लागत नाही. मग वाचतं कोण?"

"मीच. अठ्ठावीस वर्षं ऐकलं, सगळं तोंडपाठ आहे. पुस्तक हातात धरायचं आणि म्हणायचं."

"पान कुठे उलटायचं ते कसं कळायचं?"

"डाग आहेत ना. घोडी नदीत उतरते तिथे मेणबत्तीचं मेण. म्हातारा तिला हाका मारतो तिथे आलुबुखाराच्या मुरंब्याचं बोट. शेवटाकडे एक कोपरा उंदराने खाल्लेला. डागावरून डागावर जायचो."

"मग तसंच म्हणून दाखवा ना. पाठ आहे तर पुस्तक कशाला?"

"केलं की करून. हातात पुस्तक नसलं तर ऐकत नाही ती. म्हणते, हा माणूस काय एकटाच बडबडतोय, आणि टोपी घालून निघते." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "आज चार चाळीसची गाडी आहे."

मागच्या खोलीतून मुसमुसण्याचा आवाज येत होता. गात्योने विचारलं नाही. तो उठला आणि कपाटांसमोरून चालायला लागला. अंगठा आणि तर्जनी ताणून तो पुस्तकांची जाडी मोजत होता. एखादं ओढून हातावर तोलायचा, मान हलवून परत ठेवायचा. तिसऱ्या कपाटापाशी त्याला एक पटलं.

"दादा, ते ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचं आहे."

"असू दे. रंग कुठला? निळा? आपलं तपकिरी होतं."

नेव्यानाने खणातून खाकी कागद काढला. अडतीस वर्षांत हजारो पुस्तकांना तिने कव्हरं घातली होती, पण त्या दिवशी कागद तीनदा वाकडा दुमडला गेला. शेवटी बिल्याना बाहेर आली, डोळे पुसले आणि न बोलता दुसऱ्या बाजूने कागद धरून उभी राहिली. गात्योने पुस्तक कोटात घातलं. नेव्यानाला तिथे थांबवेना. तिने शाल घेतली आणि त्याच्याबरोबर निघाली.

घर फाटकाला लागूनच. रुसाना खिडकीशी बसली होती, मांडीवर टोपी. बाहेर ऊन उतरत चाललं होतं.

"या भाऊ," तिने गात्योला म्हटलं. मग नेव्यानाकडे पाहून, "तुम्ही ऑफिसातल्या ना? साहेबांना सांगा, माझं फाटक कधी एक मिनिट उशिरा पडलेलं नाही."

"सांगते," नेव्याना म्हणाली आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकली.

गात्यो बायकोसमोर बसला. त्याने पुस्तक उघडलं. नेव्यानाला बसल्या जागेवरून पान दिसत होतं: गिअरबॉक्सचं चित्र, बाण, आकडे. गात्योने घसा खाकरला.

"'त्या वर्षी बर्फ लवकर आला,'" त्याने सुरुवात केली, "'आणि घोडी जाऊन नऊ दिवस झाले होते. म्हातारा रोज कुंपणापर्यंत जाई आणि चारा टाकून येई, जणू ती तिथेच उभी आहे.'"

नेव्यानाने ते पुस्तक चार वेळा वाचलं होतं. एक शब्द चुकत नव्हता. स्वल्पविरामसुद्धा रुसानाचे असावेत, कारण तो भलत्याच ठिकाणी श्वास घ्यायचा, फाटकाकडे एक डोळा ठेवून वाचणाऱ्या बाईसारखा. रुसानाची बोटं टोपीवर थांबली. ती ऐकत होती.

म्हातारा कुंपण ओलांडून गेला. जंगलाच्या तोंडाशी पोचला. गात्यो म्हणतच राहिला. मग नेव्यानाच्या लक्षात आलं: तो पान उलटत नव्हता. उलटणार कसा? या पुस्तकावर डागच नव्हता. गिअरबॉक्सचं चित्र तसंच उघडं, आणि गात्यो एका पानावरून दहा पानांचा मजकूर म्हणत चालला होता.

दूर गाडीची शिटी वाजली.

रुसानाने मान वर केली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिने खिडकीकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा पुस्तकाकडे, अगदी निरखून. टोपी उचलून डोक्यावर ठेवली. नेव्याना अर्धवट उठली. वाटलं, झालं, संपलं सगळं. दाराची कडी तिच्या हाताशीच होती आणि ती लावावी की नाही हे तिला कळेना.

"पान," रुसाना म्हणाली.

गात्यो थांबला.

"पान उलट की, गात्यो. केव्हाचा एकाच पानावर बसलायस. झोप लागली का तुला?"

बाहेर चार चाळीसची गाडी धडधडत गेली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. रुसानाने तिकडे पाहिलंही नाही. ती पुढे वाकली, बोट जिभेला लावलं, स्वतःच पान उलटलं आणि टोपी काढून बाजूला ठेवून वाट पाहत बसली.

गात्यो तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, पण एवढ्या हिवाळ्यांत पहिल्यांदाच त्याला पुढचं वाक्य आठवेना.